घरच्या घरी ख्रिसमस ट्री

‘घरात सहज मिळणाऱ्या साहित्यातून पाच मिनिटांत बनवा सुंदर ख्रिसमस ट्री’ असे व्हिडिओ जे लोक काढतात, त्यांच्या घरी एकदा जाऊन यायची माझी फार इच्छा आहे. त्यांच्याकडे पाइनची सुकलेली बोंडं सहज मिळतात. रंगीत पाईप क्लीनर, म्हणजे त्या लोकरी तारा, मिळतात. टॉयलेट पेपर संपल्यावर उरणाऱ्या पुठ्ठ्याच्या नळ्या तर म्हणे डझनावारी पडलेल्या असतात. आणि हॉट ग्लू गन त्या बाई अशी उचलतात, की ती रोज सांडशीच्या शेजारीच टांगलेली असावी. आमच्या घरात सहज मिळणाऱ्या वस्तू म्हणजे श्रीखंडाचे रिकामे डबे, जुन्या लग्नपत्रिका, साड्यांच्या घडीतले पुठ्ठे, कुठल्याच कुलपाला न लागणाऱ्या किल्ल्या आणि माळ्यावरचं थर्माकोलचं मखर. 2018 साली राज्यात थर्माकोलवर बंदी आली तेव्हापासून ते वरच आहे. गणपतीला काढता येत नाही आणि ‘एवढं कोरीव काम’ म्हणून आई टाकूही देत नाही.

लेकीच्या शाळेचा निरोप ग्रुपवर आला तो रात्री आठच्या सुमाराला. असे निरोप स्टेशनरीची दुकानं बंद व्हायच्या बेतात असतानाच पाठवायचे, असा बहुधा शिक्षण खात्याचा जीआर असावा. ‘उद्या प्रत्येक विद्यार्थ्याने टेबलावर ठेवण्याजोगा छोटा ख्रिसमस ट्री स्वतः बनवून आणावा. साहित्य साधे व पर्यावरणपूरक असावे. थर्माकोल चालणार नाही. पालकांनी मदत करू नये.’ या शेवटच्या वाक्याला सगळ्या पालकांनी ताबडतोब अंगठा दाखवला. दोन्ही अर्थांनी.

मी चपला घालून पळालो. दुकानदार शटर अर्ध्यावर आणून उभा होता. हिरवं कार्डशीट म्हटल्यावर त्यानं माझ्याकडे, परीक्षेला अर्धा तास उशिरा आलेल्या मुलाकडे पर्यवेक्षक बघतात तसं पाहिलं.

“हिरवं संपलं. अख्ख्या शाळेनं नेलं. पोपटी आहे, भगवं आहे, चॉकलेटी आहे.”

“घोटीव कागद?”

“त्यातही पोपटीच.”

पोपटी तर पोपटी. पांढऱ्या गमची बाटली, पोपटी कार्डशीट, पोपटी घोटीव कागदाचे चार ताव आणि ‘हे पण लागतं’ असं म्हणून त्यानं गळ्यात मारलेली चमकीची डबी घेऊन मी घरी आलो. बायकोनं पिशवीत डोकावून “मला उद्या ऑडिट आहे” एवढंच म्हटलं आणि लॅपटॉप उघडला. लेक मात्र कात्री, पट्टी, पेन्सिल मांडून, पाटावर बसलेल्या नवरदेवाच्या थाटात वाट बघत होती.

आता झाड म्हणजे शंकू आणि शंकू म्हणजे भूमिती. मी इंजिनीअर माणूस, मला त्यात काय वाटणार! कंपासपेटीतल्या कंपासची टांग फाकून फाकून किती फाकणार, म्हणून दोऱ्याला पेन्सिल बांधून 20 सेंटिमीटर त्रिज्येचं झकास अर्धवर्तुळ काढलं, कापलं, वळवलं. अर्धवर्तुळाचा शंकू केला की त्याच्या तळाचा व्यास नेमका तिरकस बाजूएवढा होतो. म्हणजे रुंदी 20 सेंटिमीटर आणि उंची सव्वासतराच्या आसपास. लेकीनं मान वाकडी करून पाहिलं.

“बाबा, हे झाड बसलंय.”

मग मी रफ वही घेतली. पाव वर्तुळ घेतलं तर तळाचा व्यास 10 आणि उंची साधारण 19.4, म्हणजे झाड उभं राहायला हरकत नाही. पायथागोरस वर्गमुळासकट मांडून लेकीला समजावत होतो. ती तिसरीत आहे, त्यामुळे आधी वर्गमूळ म्हणजे काय हे सांगणं आलं. तेवढ्यात सोफ्यावर शेंगदाणे निवडत बसलेल्या आईनं कार्डशीटचा उरलेला तुकडा ओढला, कोपरा अंगठ्याखाली दाबला, मनगटाला एक हिसका दिला आणि तळहातावर उंच, सडपातळ, टोकदार शंकू उभा केला. शेपूट आत दुमडून टाकलं. गमसुद्धा लागला नाही.

“पुडी आहे ही,” आई म्हणाली. “अर्धा किलो डाळीची. त्यात गणित कसलं?”

आईच्या माहेरी किराणा दुकान होतं. मामा तराजूवर आणि आई पुड्यांवर, असं तिचं शालेय शिक्षण झालेलं आहे. त्या घटकेपासून प्रकल्पाची सूत्रं माझ्या हातून गेली. मला झालर कापायला बसवलं.

झालरीचं काम दिसतं तेवढं सोपं नाही. घोटीव कागदाची चार बोटं रुंद पट्टी कापायची, तिला कडेनं बारीक बारीक चिरा द्यायच्या, पण पट्टी तुटू द्यायची नाही, आणि मग एकेक चीर पेन्सिलीवर गुंडाळून कुरळी करायची. घोटीव कागदाला एक चकचकीत बाजू असते आणि एक पांढरी. पेन्सिलीवर उलटा वळला तर झाड पोपटी न होता पिकलेलं होतं. लेकीनं पट्ट्या चिकटवायला सुरुवात केली ती टोकाकडून, कारण चांदणी वर असते आणि तिला चांदणीची घाई होती. आई ओरडली, “अगं, कौलं कधी वरून घालतात का? खालून वर ये. वरच्या पट्टीनं खालच्या पट्टीचा डिंक झाकला पाहिजे.” लावलेल्या पट्ट्या निघाल्या, त्यांच्याबरोबर पुडीचं थोडं सालही निघालं. त्या जागेला आम्ही ‘झाडाची मागची बाजू’ असं नाव दिलं.

गम वाळेपर्यंत करायचं काय, म्हणून मी फोनवर झाडाचं कुळ-मूळ काढत बसलो. आता फ्रान्समध्ये असलेल्या स्ट्रासबुर्ग शहरातली 1605 सालची नोंद सापडली. लोकांनी दिवाणखान्यात फरची झाडं उभी केली आणि त्यांना रंगीत कागदाची गुलाबं, सफरचंदं आणि साखरेचे खाऊ लटकवले. म्हणजे विजेच्या माळा वगैरे फार पुढच्या, कागदाची कातरण मूळची! मला झालर कापण्याचा एकदम अभिमान वाटायला लागला. इंग्लंडात व्हिक्टोरिया राणी नवरा अल्बर्ट आणि मुलांसह झाडाभोवती उभी आहे असं चित्र 1848 साली एका साप्ताहिकात छापून आलं आणि त्यानंतर तिथं घरोघरी झाडाची टूम निघाली. त्या चित्रातलं झाडही टेबलावरच ठेवलेलं आहे, हे मी बायकोला मुद्दाम दाखवलं. तिनं स्क्रीनवरची नजर न काढता विचारलं, “ते राणीनं केलं होतं का अल्बर्टनं?” पुढं असंही वाचलं, की एकोणिसाव्या शतकात जर्मनीत जंगलं फार तुटायला लागली तेव्हा लोकांनी हंसाची पिसं हिरवी रंगवून, तारेला गुंडाळून खोटी झाडं केली. हे मी मोठ्यानं वाचायला नको होतं. ‘पिसं’ म्हटल्याबरोबर लेकीची नजर बैठकीतल्या उशांवर गेली.

एवढ्यात शेजारच्या काकू विरजण मागायला आल्या. त्या वसईच्या, म्हणजे आमच्या मजल्यावर या विषयातला शेवटचा शब्द. आम्ही झाड अदबीनं पुढं केलं. काकूंनी ते चारी बाजूंनी फिरवलं, मागच्या बाजूपाशी जरा थबकल्या, आणि म्हणाल्या, “आमच्या लहानपणी कोण करत बसलं होतं! समुद्रावरून सुरूची फांदी आणायची, डब्यात वाळू भरायची, फांदी खोचायची आणि वर कापूस टाकायचा. झाला ट्री. खरी मेहनत गोठ्याची. बाळ येशूचा गोठा करायला आम्ही पोरं आठवडाभर खपायचो. पेंढा आणायचा, धान्य पेरून हिरवळ उगवायची, मेंढरांवरून भांडायचं.” मग जाता जाता म्हणाल्या, “पण बाकी काही म्हणा, कापूस पाहिजे हो. बर्फाशिवाय ट्री भुंडा दिसतो.”

वसईला बर्फ कधी पडला होता हे विचारायचं राहून गेलं.

दागिने आईनं काढले. शिवणाच्या डब्यातून गेल्या तीन-चार वर्षांच्या राख्या निघाल्या. त्यांचे गोंडे, मणी, जरीची फुलं, एका राखीवरचा कार्टूनमधला मांजरोबासुद्धा. मोठ्या जरीच्या राखीची चांदणी झाली. बुंध्याला दोऱ्याची रिकामी रीळ, कुंडीला श्रीखंडाची छोटी वाटी, तिला साडीच्या पुठ्ठ्याचा पट्टा. मी जरा सबुरीनं घ्या म्हटलं तर आई म्हणाली, “तुझ्या मावशीच्या रुखवतातलं तुळशी वृंदावन मी केलं होतं. व्याह्यांकडची माणसं वाकून बघत होती.” वीतभर उंचीचं ते झाड हळूहळू बोहल्यावर चढायच्या तयारीत दिसायला लागलं.

राहिला बर्फ. घरात कापूस एकाच ठिकाणी असतो, देव्हाऱ्याच्या खणात. आई आडवी व्हायला गेल्यावर लेकीनं तिथून प्लॅस्टिकची एक डबी आणली. पांढऱ्याशुभ्र, गोल, शेंडी काढलेल्या फुलवाती! बर्फाचे गोळे कारखान्यात बनवले असते तरी इतके सुबक झाले नसते. गमाची गरजही पडली नाही. नुसत्या दाबल्या की चिकटत होत्या. का चिकटतात, हा प्रश्न रात्री साडेअकराला माणसाला पडत नाही. बायकोचं ऑडिट तोवर संपलं होतं. तिनं झाड पाहिलं, “अय्या, गोड झालंय” म्हणाली आणि गम लवकर वाळावा म्हणून ते टीव्हीच्या सेट-टॉप बॉक्सवर ठेवून दिलं. तो बॉक्स रात्रंदिवस गरम असतो.

त्या फुलवाती तुपात भिजवलेल्या होत्या. पुण्यातल्या डिसेंबरच्या थंडीत तूप थिजून पांढरं झालं होतं आणि सेट-टॉप बॉक्सवर ते रात्रभरात सुटलं. सकाळी पाहतो तो बर्फ वितळलेला. फुलवाती मलूल होऊन लोंबत होत्या, पोपटी झालरीवर जागोजाग तेलकट, आरपार दिसणारे डाग पडले होते, आणि कुंडीपासून खिडकीपर्यंत मुंग्यांनी सरळ रेषेत रस्ता टाकला होता. लेकीनं भोकाड पसरलं. बायको म्हणाली, “निदान पर्यावरणपूरक तरी आहे.” आई देव्हाऱ्यासमोरून फक्त एवढंच म्हणाली, “म्हणजे माझ्या कार्तिकातल्या उरलेल्या वाती गेल्या त्यात.”

बस यायला वीस मिनिटं होती. आईनं मुंग्या हळदीनं वाटेला लावल्या. बायकोनं कपाटातून टिकल्यांची सगळी पाकिटं आणली आणि आम्ही चौघं प्रत्येक तेलकट डागावर टिकली लावत सुटलो. मरून, काळी, खड्याची, चंद्रकोर, जी हाताला लागेल ती. तुपावर टिकली धरत नाही, म्हणून आधी टाल्कम पावडर. पावडर सगळीकडे उडाली आणि शेवटी काकूंना हवा होता तो बर्फही पडला.

दुपारी वर्गात प्रदर्शन होतं, पालकांना बोलावलं होतं. पालकांनी मदत न केलेली झाडं ओळीनं मांडली होती. एका झाडावर लेझर कटिंग होतं. एका झाडाखाली ऑनलाइन खरेदीचा बारकोड तसाच राहिला होता. एक झाड मोटारीवर गोल गोल फिरत होतं आणि त्यावर दिवे लुकलुकत होते. शेजारी उभा असलेला त्याचा आठ वर्षांचा निर्माता ‘हे कसं फिरतं?’ असं बाबांना विचारत होता. एडिसनच्या सहकाऱ्यानं, एडवर्ड जॉन्सननं, 1882 साली न्यूयॉर्कमध्ये घरच्या झाडाला 80 विजेचे दिवे लावून ते असंच गोल फिरवलं होतं, ही माहिती मी त्या बाबांना दिली. त्यांना ती आवडली नाही.

आमच्या झाडापाशी बाई बराच वेळ थांबल्या. त्यांनी वाकून पाहिलं, मग वास घेतला, मग पुन्हा वास घेतला. कार्डावर शेरा होता : ‘सुबक. कल्पक. सुगंधी.’ आईनं ते कार्ड फ्रिजवर लावलंय आणि ‘साजूक तूप होतं ते’ असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते.

झाड अजून टीव्हीशेजारी आहे. काल ग्रुपवर नवा निरोप आला, पुन्हा आठनंतरच : विज्ञान दिंडीसाठी प्रत्येकानं ज्वालामुखीची प्रतिकृती करून आणावी, पालकांनी मदत करू नये. मी चपला घालायला लागलो तशी आई म्हणाली, “कशाला पळतोस? शंकू आहे की तयार. शेंडा छाट आणि चॉकलेटी कागद तेवढा घेऊन ये.”