खुलासा : कॅडेट तुकड्या एकत्र झाल्या म्हणजे ओळख पुसली, असे नाही

‘विलीनीकरण झाले की कॅडेट तुकडीची परंपरा कायमची संपते,’ असा संदेश फिरतो आहे. तो चुकीचा आहे. ब्रिटनचेच उदाहरण घ्या. तिथे १९४८ मध्ये शाळांमधली ज्युनियर ट्रेनिंग कोअर (भूदलाची कॅडेट संघटना) आणि शाळांतल्याच नौदल व हवाई कॅडेट तुकड्या एकत्र करून कम्बाइंड कॅडेट फोर्स उभारली गेली. छत्र एकच असले तरी विभाग वेगळे राहिले, आणि प्रत्येक विभाग आजही आपापल्या सेनादलाचाच गणवेश घालतो. भूदल विभागांच्या टोपीवर संलग्न रेजिमेंटचे किंवा शाळेचे स्वतःचे बोधचिन्ह दिसते. कॅडेटसाठी ते चिन्ह फार मोलाचे असते! शाळांबाहेरच्या सी कॅडेट्स (नौदल कॅडेट) आणि एअर ट्रेनिंग कोअर (हवाई कॅडेट) या संघटना तर या विलीनीकरणात आल्याच नव्हत्या.