स्ट्रडप आणि गेटएन्व्ह हेडरमध्ये सारखेच दिसतात

नाशकातल्या आम्हा फर्मवेअरवाल्यांत (यंत्रांच्या आतले प्रोग्राम लिहिणाऱ्यांत) सध्या एक फॉरवर्ड फिरतंय: ‘सी-मध्ये हेडर फाइल हेच डॉक्युमेंटेशन. कॉमेंटमध्ये मार्कअप घालणं म्हणजे नुसता कचरा. तो शिळा होतो, आणि वाचतं कोण?’ खाली मल्लिनाथी, हातच्या कंकणाला आरसा कशाला! (सी ही प्रोग्रामिंगची भाषा; हेडर म्हणजे फंक्शनांची नावं आणि टाइप सांगणारी फाइल; मार्कअप म्हणजे कॉमेंटमध्ये घालायच्या ठरावीक खुणा.)

कंकण हातात असेल तर ना. स्ट्रडप (मजकुराची नवी प्रत करून देणारं) आणि गेटएन्व्ह (सिस्टिममधल्या एखाद्या सेटिंगची किंमत देणारं) ही सी-ची दोन फंक्शनं घ्या. दोन्ही कॅरॅक्टर पॉइंटर, म्हणजे मजकुराचा मेमरीतला पत्ता, परत देतात. पहिल्याचा पॉइंटर तुम्हीच फ्री करायचा, म्हणजे ती मेमरी मोकळी करायची; दुसऱ्याच्या वाटेला जायचं नाही. हेडरमधल्या टाइपांकडे कितीही वेळ टक लावून बसा, हा फरक दिसणार नाही.

अंबडच्या एका कारखान्यासाठी काम करताना आम्ही हे भोगलंय. मीटरचा सीरियल नंबर देणारं एक फंक्शन होतं. आमच्या पोराला वाटलं, आतल्या स्टॅटिक बफरचा (एकदाच राखून ठेवलेल्या जागेचा) पत्ता मिळतोय. प्रत्यक्षात दर वेळी मॅलॉक होत होतं, म्हणजे नवी मेमरी घेतली जात होती, तेही सेकंदाला एकदा, आणि ती कोणी मोकळी करत नव्हतं. ऑफिसात टेबलावर दोन दिवस सगळं सुरळीत. साइटवर तिसऱ्या आठवड्यात गेटवेनं (मीटर नेटवर्कला जोडणाऱ्या डब्यानं) मान टाकली. दुरुस्ती फ्रीच्या एका ओळीची, आणि हेडरमध्ये ‘अ‍ॅट रिटर्न’ या मार्कअपच्या खुणेपुढे (फंक्शन काय परत देतं ते सांगणाऱ्या) चार शब्द: कॉल करणाऱ्याने फ्री करावं.

शिळं होण्याचं म्हणणं अर्धं खरं आहे. पण साधी कॉमेंट शिळी झाली तर कोणाला पत्ता लागत नाही. मार्कअपवाली मशीनला तपासता येते. पॅरामीटरचं नाव बदललं आणि कॉमेंटमध्ये जुनंच राहिलं, तर डॉक्युमेंटेशनची वॉर्निंग चालू केलेला क्लँग हा कंपायलर ओरडतो. डॉक्सिजनमध्ये (कॉमेंटमधून डॉक्युमेंटेशन बनवणाऱ्या साधनात) तर अशा वॉर्निंगला एरर ठरवून बिल्डच अडवता येतो. नावं तीच ठेवून अर्थ बदलला तर मात्र दोघंही गप्प. तिथे रिव्ह्यू करणाऱ्याचेच डोळे.

कचऱ्याचं म्हणाल, तर ‘लेंग्थ: लांबी’ छापाच्या ओळी मीही खोडतो. लिनक्स कर्नलवाले डॉकबुक या डॉक्युमेंटेशनच्या जुन्या पद्धतीतल्या जडजड एक्सएमएल खुणांना कंटाळले, तेव्हा २०१६ मध्ये ४.८ आवृत्तीपासून स्फिंक्सकडे, साध्या खुणांवर चालणाऱ्या साधनाकडे, वळले. म्हणजे हलकं मार्कअप घेतलं, सोडलं नाही.

आणि वाचतं कोण? जीटीके या खिडक्या-बटणं बनवायच्या लायब्ररीच्या सी कोडमध्ये कॉमेंटमध्येच ‘ट्रान्स्फर फुल’ (वस्तूची मालकी घेणाऱ्याकडे), ‘नलेबल’ (रिकामंही असू शकतं) अशा खुणा असतात. जीऑब्जेक्ट इंट्रोस्पेक्शनचा स्कॅनर त्या वाचतो, आणि परत आलेली वस्तू कोणी सोडायची हे पायथनचं बाइंडिंग (सी-ची फंक्शनं पायथनमधून वापरू देणारा दुवा) त्यावरून ठरवतं. तिथे ‘फुल’च्या जागी चुकून ‘नन’ (मालकी देत नाही) पडलं, तर सी-चा कोड अगदी बिनचूक असूनही पायथनमध्ये मेमरी गळत राहते. उलटी चूक झाली, तर प्रोग्राम थेट क्रॅश.