बॅटरी फ्रीजरमध्ये ठेवू नका, शून्यावर आणू नका

‘कॅमेऱ्याची बॅटरी दुप्पट चालवण्याचे सात नियम’ नावाचा मेसेज सध्या नाशिकमधल्या फोटोग्राफीच्या ग्रुपांवर फिरतोय. थंडी पडली, नांदूर मध्यमेश्वरला पक्षी उतरले की असल्या मेसेजना ऊत येतो. एरवी मी तो वाचून सोडून दिला असता. पण माझ्या भाचीने तो खरा मानला आणि आपल्या कॅननच्या दोन्ही बॅटऱ्या रात्रभर फ्रीजरमध्ये, मटारच्या पिशवीशेजारी ठेवून दिल्या. खाली सही कुणाची नाही, आधार कशाचा नाही, तरी लोक डोळे झाकून पुढे पाठवताहेत. म्हणून हा प्रतिवाद.

सुरुवात फ्रीजरपासूनच करतो, कारण सगळ्यात अचाट नियम तोच आहे. मेसेज म्हणतो, ‘महिन्यातून एकदा बॅटरी रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा, गेलेली ताकद परत येते.’ येत नाही. लिथियम-आयन बॅटरी जुनी होते ती आतल्या रसायनामुळे. कामाचं लिथियम इलेक्ट्रोडवर साचणाऱ्या थरात हळूहळू अडकून पडतं आणि आतला रोध वाढत जातो. उणे 18 अंशांत ठेवल्याने हा थर विरघळत नाही की अडकलेलं लिथियम सुटत नाही. मग काही जण ‘आम्हाला फरक जाणवला’ असं का सांगतात? कॅमेऱ्याने ‘संपली’ म्हटलेली बॅटरी काही तास नुसती पडून राहिली, तरी तिचं व्होल्टेज थोडं वर येतं. कॅमेरा पुन्हा सुरू होतो, दहा-वीस फोटो निघतात. तीच बॅटरी टेबलावर ठेवली असती तरी तेवढेच निघाले असते. श्रेय मात्र फ्रीजरला मिळतं.

फायदा नाही एवढ्यावरच हे थांबत नाही, नुकसानही होतं. गार बॅटरी बाहेर काढली की हवेतली ओल तिच्यावर धरते. सोनेरी टोकांच्या खाचांत पाणी बसतं, आणि तशीच बॅटरी कॅमेऱ्यात सरकवली की ते पाणी आतल्या पिनांपर्यंत जातं. पावसाळ्यात हे फारच झपाट्याने होतं. त्याहून वाईट म्हणजे काढल्या काढल्या ती चार्जरला लावणं. सेल शून्य अंशाच्या खाली असताना चार्ज केला, तर लिथियम इलेक्ट्रोडमधल्या ग्राफाइटच्या आत न शिरता वरच धातूच्या रूपात साचतं. ही इजा कायमची असते, आणि ती वाढत गेली तर आतल्या आत शॉर्ट होण्याचा धोका असतो.

कुणी आधीच ठेवून बसलं असेल तर असं करा. बॅटरी फ्रीजरमध्ये असतानाच झिपच्या पिशवीत घालून हवा दाबून काढा, मग पिशवी बाहेर आणा. दोन-तीन तास पिशवी उघडू नका. ओल पिशवीवर धरू दे, बॅटरीवर नको. मग टोकं कोरड्या सुती कापडाने पुसून चार्जरला लावा. एका रात्रीने बॅटरी बाद होत नाही, तेव्हा घाबरायचं कारण नाही.

यात अर्धं सत्य आहे, तेही सांगून टाकतो. गार जागी ठेवलेली बॅटरी सावकाश म्हातारी होते हे खरं. कॅनडातल्या कॅडेक्स कंपनीच्या ‘बॅटरी युनिव्हर्सिटी’ या संकेतस्थळावर याचा एक तक्ता आहे. तो नीट वाचला असता, तर हा मेसेज लिहिलाच गेला नसता. 40 टक्के चार्ज असलेली बॅटरी वर्षभर 0 अंशांत ठेवली तर क्षमता 98 टक्के उरते, 25 अंशांत 96 टक्के, 40 अंशांत 85 टक्के. पूर्ण भरून ठेवली तर हेच आकडे 94, 80 आणि 65 टक्क्यांवर येतात. म्हणजे कपाटाऐवजी फ्रिज निवडून वर्षाकाठी वाचले दोन टक्के. कपाटातच, पण पूर्ण न भरता अर्धवट ठेवली तर वाचले सोळा टक्के. खरी गोम चार्ज किती आहे यात आहे, आणि त्याबद्दल मेसेजमध्ये अवाक्षर नाही.

त्याच तक्त्यात 60 अंशांचाही आकडा आहे: पूर्ण भरलेली बॅटरी, अवघ्या तीन महिन्यांत 60 टक्क्यांवर. एप्रिल-मे महिन्यात नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो तेव्हा उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड सहज तिथवर पोचतो. बॅटऱ्यांचा खरा काळ म्हणजे उन्हातल्या गाडीत विसरलेली कॅमेऱ्याची बॅग.

अर्धवट चार्ज करून ठेवायची तर ती ओळखायची कशी? कॅननच्या एलपी-ई6 बॅटरीबरोबर येणाऱ्या एलसी-ई6 चार्जरचा नारिंगी दिवा पाहा. निम्म्याच्या आत असेपर्यंत तो सेकंदाला एकदा लुकलुकतो, 50 टक्क्यांनंतर दोनदा, 75 नंतर तीनदा, आणि भरली की हिरवा होऊन स्थिर राहतो. कोरडी बॅटरी लावा, दिवा दोनदा लुकलुकू लागला की काढा, कपाटात ठेवा. सहा महिन्यांनी एकदा तपासा. शूटच्या आदल्या रात्री पूर्ण भरा, ती भरलेली लगेच वापरली जाणार असते म्हणून त्यात काही वावगं नाही. कॅमेऱ्यातूनही बॅटरी काढून ठेवा. कॅमेरा बंद असला तरी थोडा प्रवाह खातच असतो.

थंडीची गल्लत आणखी एका ठिकाणी होते. निफाडच्या थंडीत पहाटे कॅमेरा घेऊन बसलात की बॅटरी अर्ध्या तासात लाल होते आणि लोक म्हणतात, बॅटरी गेली. ती गेलेली नसते. थंडीत आतली रासायनिक क्रिया मंदावते, रोध वाढतो, व्होल्टेज खाली येतं आणि कॅमेऱ्याला ती रिकामी वाटते. अशा वेळी दोन बॅटऱ्या आलटून पालटून वापरा. दुसरी जॅकेटच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेत राहू द्या. लाल झालेली त्याच खिशात टाका, ऊन वर आलं की ती पुन्हा बरेच फोटो देते. तीच बॅटरी फ्रीजरमधून काढून थेट नांदूर मध्यमेश्वरच्या धरणावर नेणाऱ्याला पहिल्याच थव्याला मुकावं लागेल.

आता दुसरा नियम, जो खरं तर जास्त घातक आहे, कारण तो लोकांना शहाणपणाचा वाटतो: ‘प्रत्येक वेळी बॅटरी पूर्ण शून्यावर आणा, मगच चार्ज करा, नाहीतर मेमरी तयार होते.’ मेमरी म्हणजे अर्धवट वापराची सवय लागून बॅटरी तेवढीच चालू लागणं. हा नियम निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांचा आहे. लग्नाचं शूटिंग करणाऱ्यांच्या जुन्या कॅमकॉर्डरना त्या असत, आणि काही चार्जरना बॅटरी रिकामी करण्याचं वेगळं बटणही असे. तेव्हा ते बरोबर होतं. पण 1991 मध्ये सोनीने लिथियम-आयन बाजारात आणली, आणि आजच्या डीएसएलआर (आत आरसा असलेल्या) आणि मिररलेस (बिनआरशाच्या) कॅमेऱ्यांत तीच असते. तिला असली मेमरी नाही. उलट प्रत्येक वेळी तळ गाठल्याने तिचं आयुष्य कमी होतं. 40 टक्के उरली असताना चार्जरला लावणं तिच्या पथ्यावरच पडतं.

इथे बारकावा असा. कॅमेरा ‘संपली’ म्हणून बंद होतो तेव्हा सेलमध्ये थोडं शिल्लक असतं, ती मुद्दाम ठेवलेली राखीव असते. पण लोक नियम पाळायचा म्हणून बंद पडलेली बॅटरी तशीच बॅगेत टाकतात आणि पुढचा कार्यक्रम थेट दिवाळीनंतर. या काळात उरलेलं आपोआप झिरपत जातं, सेलचं व्होल्टेज फार खाली उतरतं, आणि आतलं संरक्षक सर्किट बॅटरी तोडून टाकतं. मग चार्जर तिला ओळखत नाही. त्याहून खाली गेली तर सेलमधलं तांबं विरघळू लागतं आणि आत शॉर्टची वाट तयार होते.

नेमक्या याच बॅटरीवर मेसेजचा पुढचा उपाय येतो: ‘मोबाइल चार्जरची वायर सोलून अधिक-वजा टोकांना दोन मिनिटं लावा, मेलेली बॅटरी जिवंत होते.’ हे कुणीही करू नका. मुलांच्या हाती तर हा मेसेज लागू देऊ नका. चार्जर त्या बॅटरीला नाकारतो ते तुमच्या बचावासाठी. कॅमेऱ्याच्या बॅटरीला दोनपेक्षा जास्त टोकं असतात, जास्तीची तापमान आणि माहितीसाठी असतात. सोललेल्या वायरला यातलं काही कळत नाही. प्रवाहावर नियंत्रण नाही, तापमानावर लक्ष नाही, आणि हात हलला की शॉर्ट. बॅटरी युनिव्हर्सिटीचाच इशारा स्पष्ट आहे: सेल 1.5 व्होल्टच्या खाली आठवडाभर किंवा जास्त राहिला असेल तर त्याला पुन्हा जिवंत करायला जाऊ नका. अशी बॅटरी चालू झाली तरी नंतर चार्जिंगमध्ये तापून पेटू शकते. एका बॅटरीसाठी घर पणाला लावायचं कशाला?

‘नवी बॅटरी पहिल्यांदा 12 तास चार्ज करा’ हे निरर्थक. एलसी-ई6 वर पूर्ण भरायला सुमारे अडीच तास लागतात, मग चार्जर स्वतःच थांबतो. उरलेले साडेनऊ तास फक्त ती भरलेल्या अवस्थेत उबदार चार्जरवर बसून राहते. ‘रॉऐवजी (प्रक्रिया न केलेल्या फाइलऐवजी) जेपेग काढा’ हेही सोडून द्या. सेन्सर वाचणं आणि स्क्रीन चालवणं दोन्हीत तेवढंच असतं, बॅटरीत म्हणण्यासारखा फरक पडत नाही.

‘प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा बंद करा’ या नियमाच्या मागचा विचार बरोबर, उपाय चुकीचा. अनेक कॅमेरे चालू-बंद करताना दर वेळी सेन्सर साफ करण्याची थरथर करतात, त्यात वेळही जातो आणि समोरचा धीवर (खंड्या पक्षी) उडूनही जातो. त्यापेक्षा मेनूत ऑटो पॉवर ऑफ एक मिनिटावर ठेवा, शटर अर्धं दाबलं की कॅमेरा जागा होतो.

बॅटरी खरी खातं कोण हे दोन आकड्यांत दिसतं. जपानच्या सीपा या कॅमेरा उत्पादकांच्या संस्थेच्या ठरलेल्या चाचणीत दर 30 सेकंदांनी एक फोटो काढतात आणि दर दहा फोटोंनंतर कॅमेरा बंद करतात. त्या चाचणीत निकॉन डी850 हा डीएसएलआर एका चार्जवर 1840 फोटो देतो. सोनी ए7 थ्री हा मिररलेस स्क्रीनवर 710, व्ह्यूफाइंडरमधून 610. आणि बॅटरी मोठी आहे ती सोनीची: 16.4 वॉट-तास, निकॉनची 14. आरशाच्या कॅमेऱ्यात डोळा लावून बघायला जवळजवळ काहीच वीज लागत नाही. मिररलेसमध्ये सेन्सर आणि पडदा सतत चालू असतात. म्हणून फोटो किती काढले यापेक्षा कॅमेरा किती वेळ जागा होता यावर सगळं ठरतं. डीएसएलआर असेल तर लाइव्ह व्ह्यू, म्हणजे स्क्रीनवर बघून फोटो काढणं, टाळा. फोटोनंतरचा इमेज रिव्ह्यू बंद करा. स्क्रीनचा उजेड एक पायरी खाली आणा. मोबाइलशी जोडणी नको असेल तेव्हा एअरप्लेन मोड लावा. सोनीत प्री-एएफ (आधीपासूनच फोकस जुळवत राहण्याची सोय) बंद करा, नाहीतर बटण न दाबताही फोकसची मोटर फिरत राहते. ट्रायपॉडवर लेन्सचं स्टॅबिलायझेशन बंद ठेवा. आणि पक्षी बसायची वाट पाहताना शटर अर्धं दाबून धरू नका. 150-600 मिमीसारख्या लांब पल्ल्याच्या लेन्सवर फोकस आणि स्टॅबिलायझेशन दोन्ही त्या बोटाखाली अखंड चालू असतात.

राहिला सातवा: ‘स्वस्त कॉपी बॅटरी घ्या, तिच्यावर जास्त एमएएच असतात.’ एमएएच म्हणजे बॅटरीत किती चार्ज मावतो त्याचं माप. लिहिलेले असतात. कॅननच्या मूळ एलपी-ई6एन बॅटरीवर 1865 आहेत. त्याच मापाच्या स्वस्त बॅटरीवर 3000 छापलेले दिसले तर विश्वास ठेवू नका. सगळ्याच बाहेरच्या बॅटऱ्या टाकाऊ नसतात हे मान्य, काही चांगल्या चालतात. दुकानात घेताना आयएस 16046 हा भारतीय मानकाचा शिक्का आणि त्याचा ‘आर-’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहा, वजन मूळ बॅटरीशी ताडून पाहा. आणि बॅटरी बदलण्याआधी आहे ती खरंच संपली का, ते कॅमेऱ्यालाच विचारा. बऱ्याच कॅननमध्ये बॅटरी इन्फोत तीन हिरवे चौकोन म्हणजे ठणठणीत, दोन म्हणजे थोडी उतरलेली, एक लाल म्हणजे नवी घ्या. निकॉनच्या अनेक मॉडेलांत बॅटरीचं वय 0 ते 4 असं दाखवतात, 4 आलं की संपलं.

बॅटरी कप्प्यातून काढताना अडकू लागली, बाजू किंचित फुगीर लागली, तर ती त्याच दिवशी बाद करा. पक्कड लावून ओढू नका, पुन्हा चार्ज करू नका. टोकांवर चिकटपट्टी लावा आणि ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या. घंटागाडीत टाकू नका. कचऱ्यात ती दाबली गेली, फुटली, तर आग लागते आणि ती गाडीवरच्या माणसाच्या अंगाशी येते.