अंगठा लागला की विणकर झाला

सोलापुरात वस्त्रोद्योगाचं प्रशिक्षण केंद्र काढायचं तुमच्या मनात असेल, तर जागा बघताना एकच पथ्य पाळा: आसपास चालू माग नको. पूर्व भागात चुकूनही जाऊ नका. तिथे गल्लोगल्ली खडखडाट, त्यात प्रोजेक्टरवरचा व्हिडिओ ऐकू येत नाही. शिवाय खिडकीतून माग दिसला की पोरं प्रश्न विचारतात, आणि प्रश्न विचारले की अभ्यासक्रम मागे पडतो. त्यापेक्षा जुळे सोलापूर बघा. रस्ते रुंद, पार्किंग ऐसपैस, आणि मागात आडवा धागा नेणाऱ्या धोट्याचा आवाज कानावर पडायची भीती नाही.

तुम्ही म्हणाल, ज्या गावात १८७७ साली ‘जुनी मिल’ या नावाने ओळखली जाणारी कापडगिरणी उभी राहिली, जिथे तेलंगणातून आलेल्या पद्मशाली कुटुंबांनी राहत्या घरात माग टाकले, ज्याच्या चादरीला आणि टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, तिथे विणायला शिकवणारं केंद्र कशाला? प्रस्तावाचा पहिला परिच्छेद याच वाक्याने सुरू करा. दुसऱ्यात लिहा, ‘कुशल मनुष्यबळाचा तीव्र तुटवडा.’ हे खोटं नाही. शेडचा मालकही हेच रडगाणं गातो. त्याला पाहिजे तो माणूस वेगळा आणि तुमच्या केंद्रातून बाहेर पडणारा वेगळा, एवढाच काय तो फरक. पण तो कॉलम फॉर्ममध्ये नाही.

आता यंत्रसामग्री. सगळ्यात आधी हजेरीचं मशीन घ्या. माग नंतर आला तरी चालेल, नाही आला तरी चालेल. हजेरी आधारशी जोडलेली असते. अंगठा लागला नाही तर दिवस गेला. मी एका केंद्रात तीन दिवस पाहुणा म्हणून शिकवायला जात होतो. (माझी पात्रता: लहानपणी वडिलांच्या शेडमध्ये कांड्या भरल्या, म्हणजे धोट्यात बसणाऱ्या नळ्यांवर सूत गुंडाळलं, आणि नंतर पदवी घेतली. दुसरी गोष्ट बघून बोलावलं होतं.) तिथे रंगखात्यात काम केलेला एक पोरगा होता. रोज सकाळी मशीनपुढे उभा. अंगठा पँटला पुसायचा, फुंकर मारायचा, पुन्हा दाबायचा. मशीन म्हणायचं, पुन्हा प्रयत्न करा. केमिकलने बोटावरच्या रेषाच गेल्या होत्या. मागच्या बाकावरचा, ज्याने उभ्या जन्मात सुताला हात लावला नव्हता, त्याचा अंगठा एका दमात लागायचा. तेव्हा प्रवेश देताना बोटं तपासा. कामाची बोटं घेऊ नका, हजेरी बिघडते.

हॉलच्या दारात एक माग मात्र ठेवा. उद्‍घाटनाच्या फोटोला लागतो. भंगारातला चालेल, तेलपाणी करू नका, पाहुण्यांचे कपडे खराब होतात. हार, हळदकुंकू, नारळ आणि ‘टेरी टॉवेल माग’ अशी पाटी. पाटी लावण्याआधी जाणत्या माणसाला विचारण्याची चूक करू नका. आमच्या इथे ती चूक आपोआप घडली.

झालं असं, की समोरच्या रस्त्याला एका शेडमध्ये काम करणारे एक जॉबर मास्तर शिक्षकाच्या जागेसाठी चौकशीला आले. चाळीसेक वर्षं माग जोडण्यात गेलेली, आवाजावरून कुठला पुर्जा सैल आहे ते सांगणारे. आत येता येता मागापाशी थांबले, वाकून मागून बघितलं, पाटी वाचली.

“हे टॉवेलचं आहे म्हणता?”

“हो मास्तर.”

“मग दुसरं बीम कुठाय?”

कोणी बोलेना. तेव्हा मास्तरांनी खिशातला रुमाल काढून टेबलावर पसरला आणि बोटांनीच दाखवलं. टॉवेलला ताण्याचे, म्हणजे उभ्या धाग्यांचे, दोन बीम; बीम म्हणजे ते धागे गुंडाळलेला रूळ. एक खालच्या कापडाचा, कडक ताणलेला. दुसरा लूपचा, ढिला. पहिले दोन आडवे धागे फणी, म्हणजे धागा ठोकून बसवणारी चौकट, अलीकडेच ठेवते, कापडापर्यंत नेत नाही. तिसऱ्या धाग्याला मात्र तिघांना एकदम ठोकते. कडक ताण्यावरून ते तिन्ही सरकतात, ढिला ताणा त्यांच्याबरोबर फरफटत येतो आणि त्याला बाक येतो. मास्तरांनी रुमाल दोन्ही बोटांनी पुढे सारला, मध्ये चुणी उभी राहिली. “हेच पाणी पिते,” म्हणाले. सगळी बॅच टेबलाभोवती जमली होती. तेवढ्या पाच मिनिटांत जे शिकवून झालं, त्याला अभ्यासक्रमात चार तास दिले होते आणि सत्तावीस स्लाईड होत्या.

“मास्तर, शिक्षण किती?”

“सातवी. तेलुगू मीडियम.”

इथे तुम्ही डळमळू नका. शिक्षकाकडे प्रमाणपत्र हवं, आणि ते अशाच एखाद्या केंद्रातून मिळतं. मास्तरांनी आधी आपल्याकडे विद्यार्थी म्हणून नाव घालावं, पास व्हावं, मग शिकवावं, असं त्यांना नम्रपणे सुचवा. आमच्या संचालकांनी सुचवलं. मास्तर हसले आणि चहा न घेता गेले.

डिझाईनचा भाग सोपा आहे, तिथे कॉम्प्युटर आहे. पोरं स्क्रीनवर झकास मोर काढतात. सोळा रंगांचा पिसारा, सावलीसकट. मागावर एवढे रंग आणायचे कुठून, हे विचारायचं नाही. पूर्वी हाच मोर ग्राफ पेपरवर चौकटी भरून उतरायचा, मग एकेका आडव्या धाग्याला एकेक कार्ड पंच व्हायचं. जिथे भोक तिथे हुक वर, हुक वर तर ताण्याचा धागा वर. कार्डं क्रमाने दोऱ्यात ओवून जॅकार्डवर, म्हणजे मागावरच्या नक्षीच्या यंत्रावर, चढवायची. एक भोक चुकीचं पडलं तर मोराचा डोळा फुटायचा, आणि नक्षी जितक्या वेळा फिरेल तितके मोर आंधळे निघायचे. त्या भीतीने डिझाईनवाला एक चौकट चार वेळा मोजायचा. आता भीती उरली नाही, कारण तुमच्या केंद्रातला मोर कापडावर उतरणारच नाही. त्याचा रंगीत प्रिंट काढायचा आणि फाईलला लावायचा.

परीक्षेचं फार मनावर घेऊ नका, तरी एक प्रसंग सांगतो. प्रश्न होता: जाड सूत कुठलं, २० नंबर की ४० नंबर? बहुतेकांनी ४०वर खूण केली. आकडा मोठा, सूत जाड. यात तर्काची चूक नाही. एका मुलीने २० लिहिलं. तिची आई कांड्या भरते. एका पौंड सुतात ८४० वारांच्या जितक्या लडी निघतात तितका नंबर, म्हणजे नंबर वाढला की सूत बारीक, हे तिला जेवणाच्या ताटावर बसून माहीत. उत्तरसूचीत ४० छापलं होतं. मुलीचा एक गुण गेला. मी तक्रार केली, तर सूची वरून आली आहे असं कळलं. वर म्हणजे कुठे, ते मला आजतागायत समजलेलं नाही.

शेवटी नोकरी. मागावर बसून शिकायची सोय देशात १९६१च्या शिकाऊ उमेदवार कायद्यापासून आहे, पण तुम्ही त्या फंदात पडू नका. चार-आठ मागांच्या शेडमध्ये दिवसभर उभं राहायचं, कानठळ्या, आणि पगार विणलेल्या नगावर. पोरगं टिकत नाही आणि त्याला नावं ठेवायची माझी हिंमत नाही. त्यापेक्षा सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस आहे. पुण्यात मॉलमध्ये कपड्यांच्या घड्या घालायची नोकरी मिळाली तरी ‘वस्त्रोद्योग क्षेत्रात रोजगार’ असं बिनदिक्कत लिहिता येतं. कापडच आहे ते.

समारोपाला पाहुण्यांना शाल नको, सोलापुरी चादरच द्या. फोटोत शोभते. ठोक भावात स्वस्त घेतली असेल तर आदल्या रात्री एकदा उलटून बघा. आमच्या वीसही चादरींच्या कोपऱ्यावर बारीक अक्षरात ‘पानिपत’ होतं. लेबलं कापायला कात्री पाहिजे, आणि टूलकिट अजून यायचं होतं. कोणीतरी पळत समोरच्या शेडमध्ये गेलं. मास्तरांनी कात्री दिली. कशाला पाहिजे, तेवढं मात्र विचारलं.