शिबिराची तारीख गावाला विचारून ठरवा

डिसेंबर आला की कॉलेजांची एनएसएसची, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेची, सात दिवसांची शिबिरं सुरू होतात आणि टोप्या घातलेली, हातात झाडू-फावडी घेतलेली पोरं-पोरी फेसबुकभर दिसायला लागतात. मला ते फोटो बघून खरंच बरं वाटतं. मी स्वतः कार्यक्रम अधिकारी म्हणून मुलांना घेऊन झेडपीच्या शाळेत मुक्काम टाकलाय, सतरंजीवर झोपलेय, आणि 24 सप्टेंबर 1969 ला गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात सुरू झालेली ही योजना मला आजही फार मोलाची वाटते. म्हणूनच बोलायचंय. शिबिराची तारीख परीक्षांचं टाइमटेबल बघून ठरते, कोणत्या महिन्यात गावाला आपल्या हातांची गरज आहे हे कुणी विचारतच नाही.

वनराई बंधाऱ्याचंच घ्या. श्रमदान म्हटलं की पहिलं नाव त्याचंच येतं. खताची, सिमेंटची रिकामी पोती गोळा करायची, माती-वाळू भरून तोंड शिवायचं आणि नाल्यात आडवी रचायची, पण रचताना खालच्या दोन पोत्यांच्या सांध्यावर वरचं पोतं आलं पाहिजे नाहीतर पाणी तिथूनच वाट काढतं. काम साधं आहे, पैसा जवळजवळ लागत नाही, आणि वेळेत झालं तर अडलेलं पाणी मुरून आजूबाजूच्या विहिरींना उपयोग होतो. पण वेळेत म्हणजे पाऊस थांबल्यावर नाला वाहता असताना, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. जानेवारीत बऱ्याच गावांत नाला कोरडा पडलेला असतो, तेव्हा पोरं घाम गाळून बंधारा बांधतात, तो रिकामाच उभा राहतो आणि पुढच्या पावसाळ्यात पहिल्या पुरात पोती वाहून जातात. मुलांच्या मेहनतीचं असं झालेलं बघवत नाही हो. तेच काम दिवाळीच्या सुट्टीला जोडून घेतलं असतं तर!

आणि ज्यांना डिसेंबर-जानेवारीशिवाय पर्यायच नाही त्यांनी त्या दिवसांत गावात काय अडलंय ते बघावं. रब्बीची ई-पीक पाहणी साधारण त्याच सुमारास चालू असते. शेतकऱ्याने ॲपवरून आपल्या पिकाचा फोटो काढून नोंद केली की ती सातबाऱ्यावर चढते, आणि ही नोंद नसली की हमीभावाच्या खरेदी केंद्रावर, नुकसानभरपाईला, सगळीकडे माणूस अडतो. फोटो शेतात उभं राहून काढावा लागतो, लोकेशन चालू पाहिजे, ओटीपी यायला पाहिजे, आणि घरातली तरुण पोरं पुण्या-मुंबईला गेली असतील तर म्हाताऱ्या माणसाने हे करायचं कसं?

आमच्या शिबिरात कॉम्प्युटर सायन्सची एक मुलगी हरभऱ्याच्या रानात एका आजोबांसोबत उभी होती. ॲप सांगत होतं की तुम्ही गटाच्या बाहेर आहात, आणि आजोबा म्हणत होते, "अगं पोरी, बापजाद्यांपासून हाच बांध हाय." ती शांतपणे म्हणाली, "आजोबा, बांध तुमचाच आहे, आपण जरा आत जाऊ." दोघं सऱ्यांमधून चालत रानाच्या मध्यावर गेले, तिने लोकेशन बंद करून परत चालू केलं, वाट बघितली, फोटो काढला आणि नोंद सेव्ह झाली. आजोबांनी तिथूनच शेजारच्या रानातल्या माणसाला हाक मारली, "ये रे, तुझंबी करून घे." एका फोनवरून अनेक खातेदारांची नोंद करता येते, त्यामुळे मुलं वाड्या-वस्त्यांवर फिरत राहिली. त्या दिवशीचं दुपारचं बौद्धिक सत्र मी रद्द केलं आणि मला त्याचं जराही वाईट वाटलं नाही.

प्रभातफेरी, पथनाट्य, व्यसनमुक्तीच्या घोषणा यांना माझा विरोध नाही. झाडूलाही नाही, गाडगेबाबांच्या महाराष्ट्रात झाडूला कोण नाही म्हणेल? पण ज्या गल्ल्या गावातल्या बायका रोज पहाटे झाडतात त्याच आपण नऊ वाजता फोटोसाठी परत झाडायच्या, याने मुलं काय शिकणार? त्यापेक्षा त्या बायकांना विचारा पाणी कुठून आणता, किती वेळ जातो, आणि आपल्याकडून काय व्हावं असं वाटतं. सरपंचांसोबत उद्घाटनाचा नारळ फुटायच्या महिनाभर आधी विचारा.

शिबिराशिवाय एनएसएसच्या मुलांना वर्षाला 120 तासांचं नियमित कामही असतंच की. त्यातले काही रविवार त्याच गावाला द्या. बंधारा गळतोय का, कुणाच्या विहिरीला किती पाणी आहे, लावलेली रोपं जगली का हे बघायला कुणी परत गेलंच नाही तर दत्तक गाव नुसतं फाइलीत राहतं.

यंदा ज्यांची शिबिरं डिसेंबरात आहेत त्या कार्यक्रम अधिकाऱ्यांना विनंती, आत्ताच तलाठ्यांना भेटून कोणत्या वस्तीवर पीक पाहणीच्या नोंदी राहिल्यात आणि शेवटची तारीख कोणती ते विचारून घ्या, मुलांना निघायच्या आधीच ॲप टाकून एकदा सराव द्या कारण गावात रेंज मिळेलच असं नाही, आणि पॉवर बँका सोबत ठेवा. कुणाला आमच्या सरावाची रूपरेषा हवी असेल तर कमेंटमध्ये सांगा, पाठवते.