वास येतोय म्हणजे हवा कमी पडतेय

ओल्या कचऱ्याच्या खताला वास यायचाच, कल्चर पावडर (कचरा कुजवणाऱ्या जिवाणूंची विकतची पूड) वाढवा, असं घरगुती खतावरच्या एका लेखात म्हटलंय. हे काही पटलं नाही. हवा खेळती असेल तर कुजताना मुख्यतः कार्बन डायऑक्साइड, पाण्याची वाफ आणि उष्णता बाहेर पडते. सडक्या अंड्यासारखा वास आला की समजायचं, तळाशी पाणी साचलंय, ऑक्सिजन संपलाय आणि हायड्रोजन सल्फाइड तयार होतोय. नाकाला झोंबणारा वास असेल तर तो अमोनिया, म्हणजे नायट्रोजन जास्त झालाय. दोन्हींवर उपाय फुकटचा: वाळका पाला घाला आणि ढवळा. कार्बन-नायट्रोजनचं प्रमाण साधारण ३०:१ हवं. नुसत्या भाजीच्या देठांनी ते जमत नाही, त्यात नायट्रोजन जास्त; कार्बन वाळक्या पाल्यातून येतो. आंब्याची पानं मात्र चुरून घाला. अख्खी महिनोन्महिने तशीच राहतात, कारण त्यातलं लिग्निन, म्हणजे पानांना चिवट करणारा घटक, जिवाणूंना सहज पचत नाही, ते काम बुरशीचं. (पांढरी बुरशी दिसली की आमच्या सोसायटीत लोक डबाच फेकायला निघतात!) करवंटी तर पानांहून कठीण, तिच्या नादी लागू नका.

आणखी एक राहिलं. मोठा ढीग ५५-६० अंशांपर्यंत तापतो, बादलीत तेवढी उष्णता टिकत नाही. म्हणून टोमॅटोच्या बिया जिवंत राहतात आणि मोगऱ्याच्या कुंडीत टोमॅटो उगवतो. उपटायचा की ठेवायचा, ते तुमचं तुम्ही बघा.