‘दूतावास सोडवतो’ या भरवशावर बॅग भरू नका

सुट्ट्या जवळ आल्या की सोलापुरातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतो. दुबई, उमरा, सिंगापूरला निघालेल्यांना त्यात धीर दिलाय: घरचं खाणं, औषधं न्यायला कुणी अडवत नाही, ‘माहीत नव्हतं’ म्हटलं की टुरिस्टला समज देऊन सोडतात, भारतात परतलं की तिकडचं प्रकरण मिटलं, आणि काहीही झालं तरी आपला दूतावास चोवीस तासांत सोडवून आणतो. चारही गोष्टी चुकीच्या आहेत. त्यांच्यावर विसंबून कुणाच्या घरातलं माणूस अडकू नये, म्हणून लिहितोय.

आधी खाणं. शेंगाचटणी, कडक भाकरीचा सहसा प्रश्न येत नाही. घात करते ती खसखस. ती अफूच्या बोंडातून निघते, म्हणून अमिरात, सौदी आणि सिंगापूरमध्ये न्यायला बंदी आहे. आपल्याकडे मात्र ती काळ्या मसाल्यात भाजून पडते, अनारशावर थापली जाते, डिंकाच्या लाडवात असते. लेकीसाठी डबे भरताना हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. मसाला कांडपाला देतानाच खसखस वगळा. औषधांचंही तेच. ट्रामाडोल या वेदनाशामकाच्या गोळ्या, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध यांवर अमिरातीत नियंत्रण आहे. तिथल्या सरकारची ऑनलाइन परवानगी आधी काढावी लागते. डॉक्टरांची चिठ्ठी सोबत ठेवा आणि गोळ्या स्ट्रिपमधून काढून डबीत भरू नका.

‘माहीत नव्हतं’ हे कारण किती चालतं? 2019 साली मुंबईचं एक जोडपं कतारच्या विमानतळावर पकडलं गेलं. नात्यातल्या बाईंनी तंबाखू म्हणून दिलेल्या पाकिटात चार किलोच्या वर हशीश, म्हणजे चरस निघालं. दोघांना दहा वर्षांची शिक्षा झाली, बाळ तुरुंगातच जन्मलं. भारतात नार्कोटिक्स कंट्रोल ब्यूरोने तपास केला, मग कतारच्या कोर्टात दोघं निर्दोष ठरले, पण तोवर 2021 उजाडलं होतं. निर्दोष माणसांची पावणेदोन वर्षं गेली! आपल्याकडे ‘जाताच आहात तर एवढं न्या’ म्हणत शेजारचे, पाहुणे पुडकं आणून देतात आणि भिडेखातर नाही म्हणायला जीभ रेटत नाही. रेटा. न्यायचंच असेल तर प्रत्येक वस्तू उघडून बघा आणि बॅग स्वतः भरा. चिकटपट्टी लावून आलेलं पाकीट सख्ख्या भावाचं असलं तरी फोडा.

परतल्यावर प्रकरण मिटतं, हेही खोटं. भारतीय न्याय संहिता परदेशात गुन्हा करणाऱ्या भारतीय नागरिकालाही लागू आहे, आणि केंद्र सरकारच्या मंजुरीने इथे खटला चालू शकतो.

राहिला दूतावास. तो तुरुंगात भेटायला येतो, वकिलांची यादी देतो, घरी कळवतो. तिथल्या कोर्टाचा निकाल फिरवणं त्याच्या हातात नाही आणि जामीनही तो भरत नाही. दूतावासांच्या कामाबद्दल देशादेशांत झालेल्या 1963 च्या व्हिएन्ना कराराच्या कलम 36 प्रमाणे अटक झालेल्याने मागणी केली, तर पोलिसांनी विनाविलंब दूतावासाला कळवायचं असतं. ‘मागणी केली तर’ हे नीट वाचा. गप्प बसलात तर बऱ्याच देशांत कुणी आपणहून कळवणार नाही. आणि अटक झाल्यावर मोबाइल हातात राहीलच असं नाही, म्हणून दूतावासाचा नंबर कागदावर लिहून पाकिटात ठेवा, एक प्रत घरीही द्या.